अरुंद वाट आणि अडलेला प्रवाह

पाटाने पाणी देणाऱ्या सोनपेठच्या शेतकऱ्याला एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही. पाटात गाळ साचला की अलीकडे पाणी चढते, पलीकडे उतरते. धार बारीक असताना हा फरक जाणवत नाही; पाट भरून वाहू लागला की तत्काळ कळतो. हृदयाच्या बाबतीत हेच जाणून घ्यायला वैद्यकाला अडीचशेहून अधिक वर्षे लागली.

स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकाने घोडीच्या रोहिणीला, म्हणजे शुद्ध रक्त नेणाऱ्या वाहिनीला, काचेची नळी जोडली. रक्त ८ फूट ३ इंच चढले. हा प्रयोग १७३३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. १८९६ मध्ये इटलीच्या रिवा-रोची यांनी दंडाला बांधायची पट्टी आणली. पण दंडावरच्या दाबाने हृदयाच्या रोहिणीतील अडचण कशी कळणार? पुढे क्ष-किरणांच्या चित्रात अरुंद जागा दिसू लागल्या. मात्र वाट अरुंद दिसणे निराळे आणि रक्त अडणे निराळे!

१६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिक येथे आन्द्रेआस ग्रुंटझिग यांनी हृदयाची रोहिणी प्रथमच फुग्याने रुंद केली. अडथळ्याच्या दोन्ही बाजूंचा दाबही त्यांनी मोजला. परंतु नळीच त्या चिंचोळ्या जागेत शिरून वाट अडवी. मग मापाचा भरवसा तो काय?

ही अडचण दाब मोजणाऱ्या अतिशय बारीक तारेने दूर केली. हॉलंडचे निको पाइल्स, बेल्जियमचे बर्नार्ड डी ब्रुइन आणि त्यांचे सहकारी यांनी १९९६ मध्ये ४५ रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. औषधाने प्रवाह वाढवायचा, जणू पाट भरून सोडायचा, आणि मग मोजायचे. अडथळ्याअलीकडे दाब १०० असता पलीकडे ८० किंवा कमी भरला, तर अडथळा खरा, असे आज सामान्यतः मानतात.

२००९ मध्ये १००५ रुग्णांच्या चाचणीचा निष्कर्ष आला. केवळ चित्र पाहून उपचार झालेल्यांत वर्षभरात मृत्यू, हृदयविकाराचा झटका किंवा पुन्हा उपचार यांचे प्रमाण शेकडा १८.३ होते, दाब मोजून उपचार झालेल्यांत १३.२. शिवाय त्यांना स्टेंटही कमी लागले.

२०१७ मध्ये भारत सरकारने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली, हे उत्तम झाले. पण स्वस्त झालेला स्टेंटही गरजेविना कशाला? प्रत्यक्ष झटका आला असता वेळ दवडू नये. तेथे रोहिणी त्वरित उघडणे हाच उपाय. एरवी मात्र घरच्या वडीलधाऱ्यांसाठी डॉक्टरांना अवश्य विचारावे: वाट नुसती अरुंद आहे, की रक्त खरोखर अडते आहे?