झुरळाच्या मेंदूभोवतीचं कुंपण

ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या कॉलेजांत प्राणिशास्त्र शिकलेल्या एका अख्ख्या पिढीने झुरळ फाडलं आहे. मेणाच्या ट्रेत टाचण्यांनी टोचायचं, आतडं बाजूला सारायचं, की तळाशी पांढरा, गाठीगाठींचा मज्जारज्जू दिसतो. २०१४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने हे विच्छेदन थांबवायला सांगितलं. त्या रज्जूवरच्या आवरणाची कुळकथा मात्र वर्गात क्वचितच सांगितली गेली.

१८८५ साली जर्मनीत पॉल एर्लिश यांनी प्राण्यांच्या रक्तात रंग सोडले. शरीर रंगलं, मेंदू कोरा राहिला. मेंदूला रंग धरतच नसावा, असं त्यांना वाटलं. त्यांचे शिष्य एडविन गोल्डमान यांनी १९१३ मध्ये रंग मेंदूभोवतीच्या द्रवात सोडला. आता मेंदू निळा झाला आणि शरीर कोरं! मध्ये कुंपण होतं. आपल्यात ते मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या भिंतींत असतं.

कीटकाच्या मेंदूत केशवाहिन्याच नाहीत. रक्त शरीराच्या पोकळीत मोकळं फिरतं, मेंदू त्यातच बुडालेला. पाला खाणाऱ्या किड्याच्या रक्तात तर पोटॅशियम इतकं, की उघडा मज्जातंतू बंद पडावा. मग टोळ उडतो कसा? ग्रॅहम हॉइल यांनी १९५०च्या दशकात हाच प्रश्न धरला. १९५६ मध्ये बेटी ट्वारॉग आणि केनेथ रोडर यांनी झुरळाच्या रज्जूचं आवरण सोलून पाहिलं. एरवी पोटॅशियमला दाद न देणारा रज्जू सोलल्यावर चटकन बंद पडला. इतका साधा आणि इतका निर्णायक प्रयोग विरळाच.

खरी अडवणूक मात्र आवरणाखालच्या, सोलताना त्याच्यासोबतच दुखावणाऱ्या आधारपेशी करतात. त्यांचे सांधे घट्ट असतात. साखर वाहक प्रथिनांमार्फत आत जाते, नको ती द्रव्यं बाहेर फेकली जातात. आपल्या बाजारातल्या मुशी माशाच्या मेंदूभोवतीही आधारपेशींचंच कुंपण आहे. म्हणून हीच जुनी तऱ्हा, केशवाहिन्यांची नंतरची, असं अनेक अभ्यासक मानतात.

हे कुंपण कीटकनाशकांच्याही आड येतं. शेतकरी तंबाखूचा काढा फवारत, पण किड्याच्या शरीरात त्यातल्या निकोटीनवर बहुतांशी विद्युतभार असतो, त्यामुळे ते कुंपणापाशी अडतं. १९९१ मध्ये बाजारात आलेलं इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक भाररहित. ते सहज आत शिरतं. झुरळांच्या काही जेलमध्ये तेच असतं. मधमाशीलाही ते तसंच भोवतं, म्हणून २०१८ मध्ये युरोपीय संघाने उघड्या शेतात त्यावर बंदी घातली. घरातल्या फटीत जेल जरूर लावा; गॅलरीतल्या फुलझाडांवर मात्र हे औषध फवारू नका.