गंगाधरपंत मुळशीत आले असते तर

पौडला आमच्या घराच्या ओसरीवर रविवारी सकाळी सात-आठ मुले पुस्तके वाचायला येतात. गेल्या पावसाळ्यात मी त्यांना जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा वाचून दाखवली. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अपघातात सापडतात आणि १७६१ च्या पानिपतात मराठे जिंकले अशा निराळ्याच जगात जाऊन पोचतात. तिथल्या मुंबईत टाऊन हॉलच्या ग्रंथालयात बसून ते इतिहासाने नेमके कोठे वळण घेतले याचा शोध घेतात. विश्वासरावांना लागलेली गोळी त्या जगात हुकलेली असते. कथा संपली तशी सातवीतल्या एका मुलीने विचारले, "काका, मग त्या जगात आपलं धरण असेल का?"

मला उत्तर देता आले नाही. पुढचे काही महिने मराठी विज्ञानकथेचा इतिहास आणि मुळशीचा इतिहास शेजारी शेजारी ठेवून वाचत होतो. हा लेख त्याच वाचनाचा.

मराठी वाचकाकडे भविष्य आले ते प्रवासवर्णनाच्या वाटेने. कृष्णाजी नारायण आठल्ये यांच्या 'केरळकोकिळ' मासिकात विसाव्या शतकाच्या आरंभी ज्यूल व्हर्नची चंद्रयात्रा मराठीत क्रमशः आली. पुढच्या दशकात श्री. बा. रानडे यांनी 'तारेचे हास्य' लिहिली. आपल्या आरंभीच्या विज्ञानकथांत तिचे नाव घेतले जाते. मुलांपुरते बोलायचे तर १९५१ साली 'बालमित्र' मासिक काढणाऱ्या भा. रा. भागवतांनी व्हर्नला मराठी घरांत आणून बसवले. माझ्या पिढीने चंद्र आणि समुद्रतळ प्रथम पाहिला तो त्यांच्या पुस्तकांतून.

मासिकांतून चंद्रावर स्वाऱ्या चालल्या होत्या, त्याच काळात सह्याद्रीत खरेखुरे भविष्य उभे राहत होते. टाटांचे खोपोलीचे वीजघर १९१५ साली सुरू झाले, भिवपुरीचे १९२२ साली, भिरा येथील १९२७ साली. भिऱ्यासाठी पाणी हवे होते ते मुळशी पेट्याचे. कल्पना व्हर्नला शोभेल अशी होती. मुळेचे पाणी भीमा-कृष्णेतून पूर्वेच्या समुद्राला जाते. ते अडवायचे, डोंगर फोडून पश्चिमेला न्यायचे, सुमारे ५०० मीटर खाली कोकणात सोडायचे आणि त्या वेगावर मुंबईला वीज पुरवायची.

या योजनेखाली भाताची खाचरे आणि सुमारे ५० गावे येत होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पुढाकार विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव तथा सेनापती बापट यांचा होता. तो १९२४ पर्यंत चालला, आणि हरला. त्यानंतर रेल्वेगाडी अडवल्याबद्दल बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली.

ही अडाण्यांनी विज्ञानाविरुद्ध पुकारलेली लढाई होती, असे अजूनही कानांवर येते. पण बापट मंगळदास नथुभाई शिष्यवृत्तीवर एडिंबरोला गेले होते ते यंत्रशास्त्र शिकायला. यंत्र काय करू शकते, हे त्यांना चांगले ठाऊक होते. वाद होता तो ते कोणाच्या जमिनीवर उभे राहणार आणि हे कोण ठरवणार, याविषयी. राजेंद्र व्होरा यांच्या अभ्यासात याचा दुसरा पदरही दिसतो. ज्या सावकारांकडे इथल्या जमिनी होत्या, ते मोबदल्याकडे झुकले आणि कसणारे कुळ एकटे पडले. आपल्या जगातली गोळी लागली ती बहुधा इथे.

मराठी विज्ञानकथेला वळण लागायला मात्र १९७४ उजाडावे लागले. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला पहिले बक्षीस मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. जयंत विष्णू नारळीकरांनी स्वतःची आद्याक्षरे उलटी फिरवून घेतलेले ते टोपणनाव होते. आपल्या कीर्तीचा भार परीक्षकांवर पडू नये, हा हेतू. पुढे पुण्यात 'आयुका' उभी राहिली, तिथे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शाळकरी मुलांसाठी व्याख्याने होऊ लागली. स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना नारळीकर सांगत की पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही करून देईन.

व्हर्नच्या वाचकाने विचारले, 'तिथे कसे जायचे?' नारळीकरांनी त्याला शिकवले, 'असे झाले असते तर?' हा दुसरा प्रश्न दूरच्या ग्रहापेक्षा आपल्या अंगणात अधिक अवघड जातो. माझ्या कपाटात मंगळावर उतरणारी मराठी मुले बरीच आहेत. न बुडालेल्या मुळशीत राहणारे एकही नाही. आज याच तालुक्यात हिंजवडीचे संगणकनगर उभे आहे, आणि तिथल्या जमिनीवरही काल-परवापर्यंत शेतीच होती. म्हणून हा प्रश्न मागच्या शतकात संपलेला नाही.

मुलीला मी सांगितले की गोष्ट तूच लिही, पण विज्ञानकथेचा नियम पाळ. एक गोष्ट बदललीस की तिचे सगळे परिणाम सोसावे लागतील. धरण झाले नाही, तर मुंबईच्या गिरण्या कोळशावर चालतील. मग कोळशाच्या खाणी कोणाच्या गावात निघतील? गाव वाचले, पण जमीन सावकाराकडेच राहिली, तर वाचले कोण?

तिने वहीत अडीच पाने लिहिली आहेत. खाणीपाशी येऊन ती अडली आहे. दर रविवारी आम्ही तिथूनच सुरुवात करतो.