नाव कंपनीचे, कोड सर्वांचा

जानेवारी २०१० मध्ये ओरॅकलने सन मायक्रोसिस्टिम्स ताब्यात घेतली आणि ओपनऑफिसचे व्यापारचिन्ह नव्या मालकाकडे गेले. मात्र एलजीपीएल परवान्याखाली आधीच खुला झालेला कोड परत घेण्याची सोय कोणत्याच खरेदीखतात नव्हती. याच बळावर स्वयंसेवकांनी सप्टेंबरमध्ये लिबरऑफिस वेगळे काढले. जुने नाव तेवढे सोडावे लागले. २०११ मध्ये ओरॅकलने ओपनऑफिस अपाचे प्रतिष्ठानाला दिले, तेव्हा परवानाही बदलला. गंमत अशी, की अपाचेच्या सैल परवान्यामुळे तिथला कोड लिबरऑफिसला उचलता येई. उलट लिबरऑफिसचा परवाना ‘बदल कराल तर तोही खुला ठेवा’ म्हणणारा, त्यामुळे त्याच्या सुधारणा ओपनऑफिसला मिळेनात. सी-डॅकच्या ‘बॉस’ या भारतीय लिनक्स प्रणालीने पुढे लिबरऑफिसच स्वीकारले.