थराराने व्याख्यान रंगत नाही

साहसी प्रवासावरचं व्याख्यान रंगवायचं तर थरार हवा, हे आपल्याकडे गृहीतच धरलं जातं. आयोजक वक्त्याला तेच सुचवतात, नवे वक्ते तेच गिरवतात: हिमकडा कोसळला, दोर सुटता सुटता राहिला, मृत्यू हातभर अंतरावरून गेला. या मताला आधार नाही असं नाही. सभागृहातल्या बहुतेकांनी हिमशिखर जवळून पाहिलेलं नसतं. त्यांना खुर्चीला खिळवायला संकट उपयोगी पडतं, उरलेलं काम छायाचित्रं करतात. पहिल्या दहा मिनिटांपुरतं हे खरंही आहे.

पण वक्ता धडधाकट समोर उभा आहे. तो वाचला, हे श्रोत्याला ठाऊकच असतं. मग जिवाची धाकधूक टिकणार किती? तिसऱ्या हिमकड्याला लोक घड्याळ पाहू लागतात. खरी उत्कंठा निर्णयात असते. ध्रुवप्रदेशाचा शोधप्रवासी अर्नेस्ट शॅकल्टन ९ जानेवारी १९०९ रोजी दक्षिण ध्रुवापासून सुमारे ९७ सागरी मैलांवर पोहोचला. तोवर इतक्या दक्षिणेला कुणीच गेलं नव्हतं. तिथून तो मागे वळला. शिधा किती उरला, वाटेतला पुढचा साठा किती लांब, चौघांच्या अंगात बळ किती, एवढाच हिशेब होता. ध्रुव कदाचित गाठता आला असता. जिवंत परतणं मात्र अवघड होतं. हे आकडे श्रोत्यांपुढे सावकाश ठेवले, की प्रत्येक जण मनात तो निर्णय स्वतः घेऊ लागतो. ‘भयंकर’, ‘जीवघेणं’ ही विशेषणं तिथे लागतच नाहीत.

छायाचित्रांचं म्हणाल, तर शॅकल्टनच्या पुढच्या मोहिमेचं ‘एन्ड्युरन्स’ जहाज १९१५ मध्ये बर्फात चिरडल्यावर मोहिमेचा छायाचित्रकार फ्रँक हर्लीने त्यातून काचेच्या निगेटिव्ह वाचवल्या. ओझं झेपणारं नव्हतं. शॅकल्टनसोबत बसून त्याने सुमारे १२० निवडल्या आणि ४००च्या आसपास तिथेच फोडून टाकल्या, पुन्हा मोह नको म्हणून. पुढे लंडनच्या फिलहार्मोनिक हॉलमध्ये हर्लीचा मूकपट पडद्यावर चाले, तेव्हा शॅकल्टन बाजूला उभा राहून स्वतः बोलत असे. इतकी चित्रं हाती असूनही बोलणाऱ्याची गरज संपली नव्हती. आपल्याकडे मात्र शेकडो स्लाइड्स सरकत राहतात आणि ‘हा बेस कॅम्प, हा पुढचा कॅम्प’ यापलीकडे वक्ता जात नाही.

मला याहून जास्त काळजी आहे ती समोर बसलेल्या मुलांची. यातलीच काही येत्या पावसाळ्यात सह्याद्रीच्या ओल्या कड्यांवर जाणार असतात. धोका म्हणजेच साहस, हे त्यांनी व्यासपीठावरून ऐकलं तर निसरड्या टोकावर उभं राहण्यात त्यांना पराक्रम वाटेल.

म्हणून आयोजकांना विनंती: वक्त्याला निमंत्रण देताना थरारक प्रसंग मागू नका. स्लाइड्स चाळीसच आणायला सांगा, आणि तुम्ही कुठून परत फिरलात, का फिरलात, हे सविस्तर सांगा म्हणावं.