एका पानावर एकच स्लाइड का?

समजा, एका सादरीकरणात २४ स्लाइड आहेत. शाळेच्या संगणकावर ते उघडून कोणी घाईत छपाईची आज्ञा दिली, तर प्रिंटरमधून एकामागून एक २४ कागद बाहेर पडतात. पानावर ६ स्लाइड घेतल्या असत्या तर ४ कागद पुरले असते. पाठपोट छापले असते तर २. येथे संगणक चुकलेला नसतो. आपण काहीच न सांगितल्यामुळे त्याने आधीच ठरलेली निवड वापरलेली असते. या निवडीला 'डिफॉल्ट' म्हणतात. ती अशीच का, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

१९८४ मध्ये अमेरिकेतील फोरथॉट या छोट्या कंपनीत रॉबर्ट गॅस्किन्स यांनी एका नव्या प्रणालीची कल्पना मांडली. त्या काळी सभांमध्ये आणि वर्गांमध्ये ओव्हरहेड प्रोजेक्टर वापरला जाई. पारदर्शक फिल्मवर मजकूर लिहायचा किंवा उमटवायचा आणि ती फिल्म दिव्यावर ठेवायची, म्हणजे भिंतीवर चित्र दिसे. या फिल्म वक्त्याला स्वतःच तयार करता याव्यात, हा गॅस्किन्स यांचा हेतू होता. डेनिस ऑस्टिन आणि टॉम रडकिन यांनी प्रणाली लिहिली. 'प्रेझेंटर' हे आधीचे नाव बदलून एप्रिल १९८७ मध्ये ती 'पॉवरपॉइंट' म्हणून मॅकिंटॉश संगणकासाठी बाजारात आली. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने १.४ कोटी डॉलर देऊन ती कंपनी विकत घेतली.

म्हणजे पॉवरपॉइंट जन्माला आले ते पडद्यासाठी नव्हे, तर छपाईसाठी. एक फिल्म म्हणजे एक स्लाइड. त्यामुळे एका पानावर एक स्लाइड हीच तेव्हा स्वाभाविक निवड होती. श्रोत्यांसाठी हस्तपत्रके आणि वक्त्यासाठी टिपणे छापण्याची सोयही पहिल्या आवृत्तीत होती, पण ती निवडून घ्यावी लागे. १९९२ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून संगणकातूनच थेट पडद्यावर स्लाइड दाखवण्याची चांगली सोय झाली. पुढे पारदर्शिका मागे पडल्या. छपाईची सवय मात्र तशीच राहिली.

अनेकजण वापरतात त्या संगणकावर ही सवय बदलायची असेल, तर कोणती निवड कोठे साठवलेली असते हे पाहावे लागते. पानावर किती स्लाइड, रंगीत की करड्या छटांत, या निवडी पॉवरपॉइंटच्या प्रगत पर्यायांत ठरवता येतात आणि त्या त्या फाइलसोबत राहतात. त्यामुळे एका फाइलमध्ये केलेला बदल दुसरीला लागू होत नाही. पेन ड्राइव्हवरून आलेली फाइलही आपली निवड सोबत आणते. यावर उपाय म्हणजे हव्या त्या निवडी केलेला एक कोरा साचा तयार करणे आणि नवे सादरीकरण त्यातूनच सुरू करणे. पाठपोट छपाई ही मात्र प्रिंटरची बाब आहे. विंडोजमध्ये प्रिंटरच्या गुणधर्मांत व्यवस्थापकाने ती एकदा ठरवून ठेवली, की त्या संगणकावरील सर्वांसाठी तीच मूळ निवड होते. एखाद्याने स्वतःसाठी वेगळी निवड केली असेल, तर त्याच्यापुरती ती चालते.

ज्याला पर्याय माहीत आहेत तो ते बदलतो. ज्याला माहीत नाहीत त्याच्या वतीने डिफॉल्टच निर्णय घेतो. सामायिक संगणकावर अशांचीच संख्या मोठी असते. म्हणून संगणकखोलीतील ही निवड शिक्षकांनी आणि मुलांनी मिळून, कागद मोजून ठरवावी. १९८७ सालच्या फिल्मची गरज आजच्या वर्गाने का भागवावी?