वयांत येणाऱ्या मुलांस उत्तर कोणी द्यावयाचें?

वयांत येणाऱ्या मुलामुलींच्या मनांत जे प्रश्न उठतात, त्यांस उत्तर कोणी द्यावयाचें, हा वाद महाराष्ट्रांत सुमारें शंभर वर्षें चालला आहे. त्याचा इतिहास थोडक्यांत आपणांपुढें ठेवतों.

गणिताचे प्राध्यापक रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं १९२१ सालीं मुंबईस संततिनियमनाचें केंद्र उघडलें. या कार्यापायीं १९२५ सालीं त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली. तरी न डगमगतां जुलै १९२७ पासून त्यांनीं 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलें, व १९५३ सालीं निधन होईपर्यंत तें चालविलें. वाचक आपल्या शंका पत्रानें विचारीत. कर्वे त्यांस शास्त्राधारें, आडपडदा न ठेवतां उत्तरें देत. अशाच उत्तरांवरून १९३४ सालीं त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. बचावास डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले; तरी २०० रुपये दंड झालाच. दंड उत्तर देणारास झाला, प्रश्न मात्र होता तेथेंच राहिला.

पुढें हाच प्रश्न आरोग्यसंशोधकांनीं हातीं घेतला. २००६-०७ च्या सुमारास मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनें पॉप्युलेशन कौन्सिलच्या सहकार्यानें महाराष्ट्रासह सहा राज्यांतील ५०,००० हून अधिक तरुणतरुणींची पाहणी केली. असें शिक्षण हवें असें बहुतेकांनीं सांगितलें. तें मिळालें होतें शंभरांत सुमारें पंधरांना! आणि त्याच २००७ सालीं, हें शिक्षण आपल्या संस्कृतीस धरून नाहीं या आक्षेपावरून, केंद्र शासनानें आंखलेला किशोरशिक्षणाचा कार्यक्रम महाराष्ट्राच्या शाळांत बंद करण्यांत आला.

अशा शिक्षणानें मुलें बिघडतात काय? युनेस्कोनें २००९ सालीं निरनिराळ्या देशांतील ८७ अभ्यास ताडून पाहिले. या शिक्षणामुळें मुलें लैंगिक संबंधांकडे लौकर वळतात, असें त्यांत दिसून आलें नाहीं. उलट कित्येक ठिकाणीं तीं अधिक काळ संयमानें राहिलीं.

शाळेंत उभा जन्म घालविलेल्या माझ्यासारख्यास एक गोष्ट ठाऊक आहे. गुरुजींनीं टाळलेला प्रश्न मुलगा विसरत नाहीं. तो दुसऱ्या कोणास तरी विचारतो. तो दुसरा जाणता असेल कीं भोंदू, हें मग आपल्या हातीं राहत नाहीं. म्हणून आईबापांनीं व शिक्षकांनीं संकोच सोडून, मुलांच्या वयास झेपेल एवढें खरें सांगावें, एवढीच विनंती.