ढगातून तारा कसा घडतो? बघूया एल१५२७ चं उदाहरण

वृषभ राशीतली लालसर रोहिणी तुम्ही पाहिली असेलच. तिच्या उत्तरेला, हात लांब करून धरलेल्या मुठीएवढ्या अंतरावर, एक तारा सध्या तयार होतोय. नाव एल१५२७, अंतर सुमारे ४६० प्रकाशवर्षं. डोळ्यांना तिथे काहीच दिसत नाही, कारण तो अजून धुळीच्या ढगात गुरफटलेला आहे.

आता ‘दाट ढग’ हा शब्द जरा जपून घ्या. अशा ढगाच्या गाभ्यात एका घन सेंटिमीटरमध्ये हजारो ते लाखो रेणू असतात. आपल्या हवेत तेवढ्याच जागेत २५ वर १८ शून्यं इतके! म्हणजे आपल्या हिशेबाने ती पोकळीच. आणि थंडी उणे २६३ अंश सेल्सिअसच्या आसपास.

तारा पेटायचा तर ढग तापलेला हवा, असं वाटतं ना? आहे उलटं. गरम वायूचा दाब गुरुत्वाकर्षणाला दाद देत नाही. थंड वायूचा दाब कमी पडतो. जेम्स जीन्स यांनी १९०२ मध्ये हे गणित मांडलं. ठरावीक तापमान आणि घनता असताना एका मर्यादेपेक्षा जास्त वस्तुमान जमलं, की ढग स्वतःच्याच वजनाने कोसळतो.

खरी मेख पुढे आहे. कोसळताना वायू तापतो. ही उष्णता आतच अडकली असती तर कोसळणं तिथेच थांबलं असतं. पण धूळ आणि कार्बन मोनॉक्साइडसारखे रेणू ती प्रारणाच्या रूपात बाहेर टाकत राहतात. मधला भाग फारच दाट झाला, की प्रारणाला वाट मिळत नाही आणि तापलेला गोळा तयार होतो. हाच प्रोटोस्टार.

ढग मुळात हळूहळू फिरत असतो. गिरकी घेताना हात जवळ घेतले की वेग वाढतो, तसंच इथे होतं, आणि गोळ्याभोवती वायूची तबकडी बनते. पुढे ग्रह घडतात ते यातूनच. जेम्स वेब दुर्बिणीच्या नोव्हेंबर २०२२ च्या फोटोत एल१५२७ चक्क डमरूसारखा दिसतो. डमरूच्या कमरेवरची काळी रेघ ही तबकडी. दोन्ही बाजूंचे फुगीर भाग म्हणजे ताऱ्याकडून सुटलेल्या झोतांनी पोखरलेल्या पोकळ्या. (रंग मात्र अवरक्त प्रकाशावरून दिलेले आहेत.)

याचं वय सुमारे १ लाख वर्षं, वस्तुमान सूर्याच्या २० ते ४० टक्के. हायड्रोजन अजून पेटलेला नाही. त्यासाठी गाभा साधारण १ कोटी अंशांपर्यंत तापावा लागतो आणि सूर्यासारख्या ताऱ्याला तिथे पोचायला काही कोटी वर्षं लागतात. तोवर तेच झोत उरलेला ढग उधळत राहतात, म्हणून ढगातला बराचसा वायू कधी तारा बनतच नाही.